लिगामेंटला मराठीत काय म्हणतात?

या वीकेंडला जरा वेगळा विषय. सुरुवात एका सोप्या प्रश्नाने करतो. लिगामेंटला मराठीत काय म्हणतात?

लगेच डिक्शनरी उघडू नका. आधी घरात विचारून बघा. आमच्या फणसवाडीत मी आठ-दहा जणांना विचारलं. उत्तरं आली ती अशी: शीर, नस, स्नायू, "ते गुडघ्यात असतं ना ते", आणि सगळ्यात जास्त वेळा, "लिगामेंटच म्हणतात रे!" शाळेच्या पुस्तकात 'अस्थिबंध' असा शब्द आहे खरा, पण परीक्षा संपल्यावर तो कोणी वापरल्याचं माझ्या तरी ऐकिवात नाही. "माझा अस्थिबंध फाटला" असं कोणी म्हणालंच, तर समोरचा आधी हसेल आणि मग विचारेल, म्हणजे नक्की काय झालं?

गंमत अशी की तिथे काही बिघडलं तर ते सांगायला आपल्याकडे क्रियापदांची अजिबात कमी नाही. पाय मुरगळतो, कंबर लचकते, पाठीत उसण भरते, मान आखडते, खांदा निखळतो. प्रत्येक दुखण्याची वेगळी छटा आपल्या आज्यांना ठाऊक होती. पण जी वस्तू ताणली जाते, फाटते, तिला नावच नाही.

नाव कधीच नव्हतं असं मात्र नाही. दोन हजार वर्षांपूर्वी होतं आणि अगदी रुळलेलं होतं. ते नाव म्हणजे 'स्नायू'. आता तुम्ही म्हणाल, स्नायू म्हणजे मसल. बरोबर, आज तसंच आहे. पण तो अर्थ नंतर आला. नाव एका वस्तूवरून घसरून दुसऱ्या वस्तूवर कसं गेलं, आणि ह्या गोष्टीचे दोन मोठे धागे मुंबईतच, काळबादेवी आणि भायखळ्याला कसे सापडतात, ते आज सांगायचंय.

आधी वस्तू, मग नाव

आधी वस्तू नक्की काय आहे ते बघू, नाहीतर पुढचं सगळं हवेत राहील.

हाडाला हाडाशी बांधून ठेवतं ते लिगामेंट. स्नायूला हाडाशी जोडते ती कंडरा, म्हणजे टेंडन. दोन्ही दिसायला पांढरट, चिवट दोरीसारख्या किंवा पट्ट्यासारख्या, आणि दोन्हींचा मुख्य माल एकच, कोलॅजेन नावाचं प्रथिन. फरक कामाचा आहे. कंडरा ओढते, म्हणजे स्नायूची ताकद हाडापर्यंत पोचवते. लिगामेंट अडवतं. सांधा कुठे वळायचा, किती वळायचा आणि कुठे थांबायचा हे ते ठरवतं.

गुडघा घ्या. मांडीचं हाड नडगीच्या हाडावर अक्षरशः टेकवून ठेवलंय. खोबण जवळजवळ नाहीच. तो जागेवर राहतो तो मुख्यतः चार बंधांमुळे. आतल्या आणि बाहेरच्या बाजूला एकेक, आणि मधोमध फुलीसारखे एकमेकांना छेदणारे दोन. फुलीतला पुढचा बंध (ज्याला सगळे एसीएल म्हणतात तो) नडगीला पुढे सरकू देत नाही आणि गुडघ्याला भलत्याच बाजूला पिळवटू देत नाही. लांबी जेमतेम तीन सेंटिमीटर. पण तरुण माणसात हा बंध तुटायला सुमारे २१०० न्यूटन जोर लागतो. म्हणजे दोनशे किलोहून जास्त वजन त्याला टांगता येईल.

ह्याचे तंतू सरळ नसतात, बारीक लाटांसारखे दुमडलेले असतात. हलका ताण आला की आधी त्या लाटा सरळ होतात, तोपर्यंत सांधा आरामात हलतो. लाटा संपल्या की बंध एकदम ताठ होतो आणि पुढची हालचाल अडवतो. शिवाय ह्या बंधांमध्ये चेतातंतूंची टोकं असतात. सांधा कुठल्या कोनात आहे, किती ताण आलाय, ही खबर ती सतत वर मेंदूकडे पाठवत असतात. म्हणजे दोरी आणि सेन्सर एकाच मालात!

आणखी एक उदाहरण देतो, मुंबईकरांच्या रोजच्या कामाचं. चर्चगेटहून बोरिवलीपर्यंत उभ्याने जाताना तुमचे पाय गळून का पडत नाहीत? खुब्याच्या सांध्यासमोर उलट्या वाय अक्षरासारखा एक जाड बंध आहे. बॉस्टनच्या हेन्री बिगेलो ह्या सर्जनने १८६९ मध्ये खुबा निखळण्यावर पुस्तक लिहिलं, त्यात ह्या बंधाचं महत्त्व सविस्तर मांडलं. म्हणून त्याला बिगेलोचा वाय-बंध असंही म्हणतात. शरीरातला हा सगळ्यात दणकट बंध. आपण सरळ उभे राहिलो की तो ताणला जातो आणि धड मागे कलंडू देत नाही. स्नायूंना फारसं काम न करता आपण ह्या बंधावर 'टांगून' उभे राहतो. कंबर जरा पुढे काढून, दांडीला हात लावून डुलक्या घेणारा जो माणूस तुम्ही रोज बघता, तो ह्याच बंधाच्या जिवावर झोपलेला असतो :-)

नऊशे स्नायू आणि एक होडी

आता सुश्रुताकडे येऊ. सुश्रुतसंहिता एका दिवसात किंवा एका हाताने लिहिलेली नाही. तिला आजचं रूप यायला काही शतकं लागली. तिच्या शारीरस्थानाच्या पाचव्या अध्यायात शरीराची मोजदाद आहे. हाडं ३००, सांधे २१०, पेशी ५००, आणि स्नायू ९००. ह्या ९०० ची वाटणीसुद्धा दिलीय: हातापायांत ६००, धडात २३०, मान आणि त्याच्या वर ७०.

हे आकडे आजच्या आकड्यांशी जुळत नाहीत आणि जुळायची गरजही नाही. (हाडं आज आपण २०६ मोजतो. सुश्रुताच्या मोजणीत दात वगैरेही येतात.) मला महत्त्वाची वाटते ती वर्गवारी. स्नायू चार प्रकारचे: फांद्यांसारखे पसरलेले, गोल, रुंद आणि पोकळ. फांद्यांसारखे हातापायांत आणि सगळ्या सांध्यांत. गोल म्हणजे कंडरा. रुंद पाठ, छाती, बरगड्यांच्या बाजूला आणि डोक्यात. पोकळ ते आतल्या अवयवांच्या तोंडाशी. म्हणजे त्याच्या 'स्नायू' ह्या डब्यात आजचं लिगामेंट येतं, टेंडन येतं आणि आणखीही काही येतं. पण डब्याचं मुख्य लेबल 'बांधणारी वस्तू' असंच आहे. मांस वेगळं, त्याला पेशी म्हणायचं.

आणि काम समजवायला सुश्रुत जी उपमा देतो ती मला फार आवडते. फळ्या जोडून केलेली होडी पुष्कळ बंधनांनी नीट बांधलेली असली तरच पाण्यात माणसांचं ओझं पेलते. तसंच शरीरातले सांधे अनेक स्नायूंनी बांधलेले आहेत म्हणून माणूस भार सोसू शकतो.

आपण होडी म्हटलं की खिळे ठोकलेली होडी डोळ्यांसमोर आणतो, त्यामुळे ही उपमा जरा फिकी वाटते. पण अरबी समुद्रात शेकडो वर्षं होड्या चक्क शिवल्या जात. फळ्यांना भोकं पाडायची आणि काथ्याच्या दोरीने एकीला दुसरी शिवायची. अशा होडीत फळी फळीवर घट्ट बसते, पण लाट आली की किंचित हलते आणि पुन्हा जागेवर येते. लाटेचा मार ती पचवते. अजिंठ्याच्या एका चित्रातल्या जहाजावरून असंच शिवलेलं जहाज अलीकडे गोव्यात बांधलं गेलं आणि २०२५ मध्ये 'कौंडिण्य' नावाने नौदलात दाखल झालं. सुश्रुताच्या मनात नेमकी कुठली होडी होती ते तो सांगत नाही. पण अशी होडी डोळ्यांसमोर ठेवली की उपमा चपखल बसते. हाड ही फळी, लिगामेंट हा काथ्या.

पुढे तो जे म्हणतो ते तर मला सगळ्यात धीट विधान वाटतं. हाडाला, पेशीला, शिरेला किंवा सांध्याला इजा झाली तरी शरीराचा तेवढा घात होत नाही जेवढा स्नायूला झाल्याने होतो. आणि बाहेरचे, आतले सगळे स्नायू ज्याला ठाऊक आहेत, तोच खोल रुतलेलं शल्य बाहेर काढू शकतो. युद्धात बाण लागलेल्या माणसांवर काम करणाऱ्यांचं हे ज्ञान आहे. १०७ मर्मांपैकी २७ मर्मं त्याने स्नायूंचीच सांगितलीयत.

हे सगळं कळलं कसं? त्याची रीतही लिहून ठेवलीय. विषाने न मेलेल्या, फार दिवस आजारी नसलेल्या, शंभरी न गाठलेल्या माणसाचं प्रेत घ्यायचं. आतडी काढून टाकायची. मुंज, कुश, ताग असल्या कशाने तरी गुंडाळून, पिंजऱ्यात ठेवून, वाहत्या पाण्यात आडबाजूला बुडवून ठेवायचं. सात रात्रींनी बाहेर काढायचं आणि वाळा, केस, बांबू वगैरेंच्या कुंचल्याने हळूहळू घासत एकेक थर उघडा करत बघायचं.

ह्यात सुरी कुठेच नाही. आता विचार करा, सात दिवस पाण्यात राहिलेल्या शरीरात काय उरेल? मऊ भाग आधी कुजतात. कोलॅजेनचे चिवट बंध आणि हाडं शेवटपर्यंत टिकतात. कुंचल्याने घासल्यावर सगळ्यात स्पष्ट काय दिसणार? सांध्यांवरच्या ह्या दोऱ्या आणि पट्टे. मेंदू, मज्जातंतू असल्या नाजूक गोष्टी सुश्रुताकडे कच्च्या का आणि स्नायू-सांधे इतके पक्के का, ह्याचं उत्तर मला तरी ह्या रीतीतच दिसतं. तुमचं टूल जे दाखवतं तेच तुम्हाला दिसतं. आमच्या धंद्यात डीबगर बदलला की वेगळे बग दिसायला लागतात, तसंच.

काळबादेवीचा छापखाना

ही संहिता शतकानुशतकं पोथ्यांमधून चालत आली. तिचं आज अभ्यासक वापरतात ते रूप कुठे छापलं गेलं? काळबादेवीला! फणसवाडीतून चालत दहा-पंधरा मिनिटं.

जावजी दादाजी हा गरीब घरातला मुलगा. लहानपणी अमेरिकन मिशनच्या छापखान्यात टाइप घासायच्या कामाला लागला. पुढे स्वतःची टाइप फाउंड्री काढली आणि १८६९ मध्ये निर्णयसागर छापखाना. राणोजी रावजी आरू ह्यांनी कोरलेला निर्णयसागरचा देवनागरी टाइप इतका सुबक होता की संस्कृत पुस्तक म्हणजे निर्णयसागर असं समीकरणच झालं. अण्णा मोरेश्वर कुंटे ह्यांनी संपादित केलेलं वाग्भटाचं अष्टांगहृदय तिथून निघालं. आणि १९१५ मध्ये सुश्रुतसंहिता, डल्हणाच्या टीकेसकट. संपादक यादवजी त्रिकमजी आचार्य. मूळचे पोरबंदरचे, पण मुंबईत वैद्यकी करणारे. हस्तलिखितं मिळवून, पाठ ताडून त्यांनी ती छापली आणि पुढच्या आवृत्त्यांत सुधारत नेली. आज जगात कुठेही कोणी सुश्रुतावर पेपर लिहिला तर यादवजींच्या आवृत्तीशिवाय पुढे जात नाही.

म्हणजे 'स्नायू' शब्दाची मूळ व्याख्या शुद्ध छापून काळबादेवीतून देशभर जात होती. आणि त्याच वेळी, त्याच गल्ल्यांमध्ये, बोलणारी माणसं स्नायू म्हणजे दंडाचं मांस समजू लागली होती.

नाव घसरतं कसं

मराठीत काय झालं बघा. सुश्रुताची पेशी म्हणजे मसल. आपण पेशी हे नाव सेलला दिलं, कारण मायक्रोस्कोपने दाखवलेल्या नव्या वस्तूला नाव हवं होतं. आता मसलला नाव उरलं नाही, म्हणून शेजारचं स्नायू उचललं. आता लिगामेंटला नाव उरलं नाही. त्याला नवीन 'अस्थिबंध' पाडून दिलं, पण ते कागदावरच राहिलं. खुर्च्यांचा खेळ असतो तसं. एक सरकला, दुसरा सरकला आणि शेवटी लिगामेंट उभंच राहिलं. (नक्की ह्याच क्रमाने झालं असं मी म्हणत नाही, हिशोब मात्र असाच जुळतो.)

बाकीच्या भाषांमध्ये तर आणखी मजा. हिंदीच्या शाळेच्या पुस्तकात स्नायु म्हणजे लिगामेंटच, पेशी म्हणजे मसल, आणि सेलला कोशिका. म्हणजे जवळजवळ सुश्रुताचीच घडी. गुजरातीत आपल्यासारखंच, स्नायू म्हणजे मसल. आणि बंगालीत? स्नायू म्हणजे नर्व्ह! अमेरिका-रशियाच्या शीतयुद्धाला बंगालीत 'स्नायुयुद्ध' असाही शब्द आहे. मराठी माणसाला त्यावरून निक्सन आणि ब्रेझनेव्ह पंजा लढवतायत असं वाटेल.

हा बंगाल्यांचा गोंधळ म्हणावा तर तसंही नाही. ग्रीकांचंही हेच झालं होतं. स्नायूचा भाऊबंद असलेला 'स्नावन्' हा शब्द वेदांत आहे, आणि ग्रीक 'न्यूरॉन' हा त्याच मुळातला शब्द मानला जातो. जुन्या ग्रीकमध्ये न्यूरॉन म्हणजे शरीरातली दोरी, म्हणजेच आपला स्नायू. धनुष्याच्या दोरीलाही तोच शब्द. इसवी सनापूर्वी तिसऱ्या शतकात अलेक्झांड्रियामध्ये हेरोफिलसने प्रेतं फाडून बघितली आणि त्याच्या लक्षात आलं की ह्या पांढऱ्या दोऱ्यांपैकी काही बांधत नाहीत, त्या मेंदूकडे जातात. पुढे गेलेनपर्यंत वाटणी पक्की झाली: न्यूरॉन म्हणजे नर्व्ह, टेनॉन म्हणजे टेंडन, आणि बांधणाऱ्याला वेगळं नाव, सिंडेस्मॉस. लॅटिनमध्ये 'लिगारे' म्हणजे बांधणे, त्यावरून लिगामेंट.

थोडक्यात काय, तर उघड्या डोळ्यांना सगळ्या पांढऱ्या दोऱ्या सारख्याच दिसतात. वाटणी व्हायला शरीर उघडून, दोरी शेवटापर्यंत धरून बघावी लागते. ग्रीकांकडे वाटणी झाली तेव्हा प्रत्येक दोरीला स्वतःचं नाव मिळालं. आपल्याकडे नवं ज्ञान बाहेरून तयार आलं आणि जुनी नावं हाताला लागतील तशी वाटली गेली. आमच्या भाषेत सांगायचं तर कोणीतरी व्हेरिएबलचा अर्थ बदलला आणि जुना कोड तसाच ठेवला.

भायखळ्याचा चित्रकार

हे नवं ज्ञान मुंबईत आलं ते भायखळ्याला. १८४५ मध्ये ग्रँट मेडिकल कॉलेज सुरू झालं. कलकत्त्याला मधुसूदन गुप्त ह्यांनी १८३६ मध्येच शवविच्छेदन करून मोठी भिंत पाडली होती. हे गुप्त स्वतः संस्कृत शिकलेले वैद्य होते, हे विशेष. मुंबईच्या पहिल्या तुकडीने १८५१ मध्ये पदवी घेतली. त्यात भाऊ दाजी होते, आत्माराम पांडुरंग होते. म्हणजे पुढे प्रार्थना समाज काढणारा माणूस आधी विच्छेदनाच्या टेबलाशी उभा राहिलेला होता. प्रेताला हात लावणं म्हणजे विटाळ मानणाऱ्या समाजात हे सोपं नसणार. सुश्रुतानेही ते काम आडबाजूला करायला सांगितलं होतंच. पुढे १९४९ च्या बॉम्बे अ‍ॅनाटॉमी अ‍ॅक्टने बेवारस मृतदेह शिक्षणासाठी मिळायची कायदेशीर सोय झाली, तेव्हा कुठे हा विषय कागदावर रीतसर आला.

तर ह्या भायखळ्याच्या कॉलेजात १८५८ मध्ये एक तरुण इंग्रज डॉक्टर आला. हेन्री व्हॅनडाइक कार्टर. त्याच वर्षी लंडनमध्ये एक पुस्तक निघालं, जे आजही मेडिकलचा प्रत्येक विद्यार्थी निदान नावाने तरी ओळखतो: ग्रेज अ‍ॅनाटॉमी. मजकूर हेन्री ग्रेचा. चित्रं सगळी कार्टरची, साडेतीनशेच्या वर. पुस्तक बाहेर आलं तेव्हा चित्रकार हिंदुस्थानात पोचलेला होता. त्याला एकरकमी दीडशे पौंड मिळाले, रॉयल्टी शून्य. आतल्या पहिल्या पानावर त्याचं नाव ग्रेच्या नावापेक्षा बारीक टायपात. ग्रे तीन वर्षांत, १८६१ मध्ये, देवीच्या साथीने गेला. कार्टर इथेच राहिला. ग्रँट मेडिकलमध्ये अ‍ॅनाटॉमी शिकवली, काही वर्षं साताऱ्याला सिव्हिल सर्जन होता, 'मदुरा फूट' ह्या पायाच्या रोगावर आणि महारोगावर काम केलं, पुढे कॉलेजचा प्रिन्सिपॉलही झाला. १८८८ मध्ये परत गेला.

ह्या सगळ्याचा लिगामेंटशी संबंध काय? कार्टरच्या चित्रांची खासियत. त्या काळच्या बहुतेक पुस्तकांत चित्रातल्या भागांवर अ, ब, क अशी बारीक अक्षरं असायची आणि खाली यादी. विद्यार्थ्याची नजर सतत वर-खाली. कार्टरने नाव थेट त्या भागावरच लिहिलं. गुडघ्याच्या चित्रात बंधाच्या लांबीला धरून, त्याच्याच वळणाने, त्याचं नाव. वस्तू आणि नाव ह्यांच्यामध्ये काही अंतरच ठेवलं नाही. मी ती जुनी चित्रं स्कॅनमध्ये तासभर बघत बसलो होतो. एकदा बघितलं की नाव घसरायची सोयच राहत नाही.

पुढे १८६० च्या दशकात ह्याच कॉलेजात मराठी आणि गुजराती माध्यमाचे वर्गही चालले, पण ते टिकले नाहीत. मोठी डॉक्टरकी इंग्रजीतच राहिली. डॉक्टरची नावं इंग्रजी झाली, पेशंटची शीर आणि नस राहिली. मधला पूल काही झाला नाही.

नाव नसल्याने काय बिघडतं?

बरं, नाव नाही तर नाही. इंग्रजी शब्द आहे की! त्याने काय बिघडतं?

नावाने काय होतं ह्याचं एक उदाहरण गुडघ्यातलंच आहे. १८७९ मध्ये पॅरिसच्या पॉल सेगाँ ह्या सर्जनने गुडघ्याच्या बाहेरच्या पुढच्या कोपऱ्यात मोत्यासारखा चमकणारा एक पट्टा असल्याची नोंद केली. पण त्याला ठाम नाव दिलं नाही. मग वेगवेगळ्या लोकांनी त्याला वेगवेगळी नावं दिली आणि तो कोणाच्याच यादीत नीट बसला नाही. २०१३ मध्ये बेल्जियमच्या स्टीव्हन क्लेस आणि सहकाऱ्यांनी त्याचं तपशीलवार वर्णन केलं आणि जगभरच्या पेपरांत मथळे आले, 'मानवी शरीरात नवीन लिगामेंट सापडलं'! एकशे चौतीस वर्षं तो पट्टा तिथेच होता. तो स्वतंत्र बंध म्हणावा का ह्यावर वाद अजून आहे, पण निदान आता सर्जन तिकडे बघतात तरी.

दुसरं उदाहरण जवळचं. आमच्या वाडीतला एक दादा. कबड्डी जबरदस्त खेळायचा. एकदा पकडीतून सुटताना पाय रोवलेला राहिला आणि अंग वळलं. गुडघ्यात 'कट्' आवाज आला, तासा-दोन तासांत गुडघा टम्म फुगला. एका दवाखान्यात एक्स-रे काढला. हाड शाबूत. "काही नाही, स्नायू आखडलाय." ह्या वाक्यात सगळी गडबड आहे. स्नायू म्हणजे मांस, मांस आखडलं तर चोळून सुटतं. म्हणून त्याने चोळलं. कोणाकोणाकडून तेल लावून घेतलं, लचक भरून घेतली. सूज उतरली, चालायला लागला. पण जिना उतरताना गुडघा मधूनच 'निसटायचा'. दोन वर्षं हे चाललं. शेवटी एमआरआयमध्ये कळलं, फुलीतला पुढचा बंध पूर्ण तुटलेला, आणि निसटून निसटून आतली कूर्चेची गादीही फाटलेली. पहिली इजा एका क्षणात झाली होती, दुसरी दोन वर्षांत हळूहळू.

एक्स-रेमध्ये हाड दिसतं, बंध दिसत नाही. हे सगळ्यांना माहीत असायला हवं, पण ज्या वस्तूला नाव नाही ती 'दिसली नाही' हे कोणाच्या लक्षात येणार? फुलीतला बंध तुटला की तो बहुधा आपला आपण पूर्ववत जुळत नाही. तिथे रक्तपुरवठा कमी, आणि सांध्यातल्या वंगणामुळे दोन टोकांमध्ये रक्ताची गुठळी टिकत नाही, त्यामुळे भरून यायला आधारच मिळत नाही. त्याउलट गुडघ्याच्या आतल्या बाजूचा बंध बऱ्याचदा पट्टा लावून, व्यायामाने भरून येतो. म्हणजे 'लिगामेंट गेलं' एवढंही पुरेसं नाही, कुठलं गेलं ते महत्त्वाचं. आवाज, लगेच आलेली सूज आणि निसटणं, ही तीन लक्षणं असतील तर चोळत बसू नका, हाडाच्या डॉक्टरकडून तपासून घ्या.

योगायोग बघा. रोंटगेनने एक्स-रे शोधला १८९५ मध्ये. त्याच वर्षी इंग्लंडमध्ये लीड्सला मेयो रॉबसन ह्या सर्जनने एका खाणकामगाराच्या गुडघ्यातले फुलीचे तुटलेले दोन्ही बंध शिवले. हाडं बघायचं यंत्र घरोघरच्या बोलण्यात आलं, बंध मात्र मागे राहिला.

दादाचं ऑपरेशन झालं. त्यात काय करतात हे वाचताना मी जरा थबकलो. मांडीच्या मागच्या बाजूची कंडरा काढून घेतात, तिची दुहेरी-चौपदरी दोरी करतात आणि हाडांमध्ये भोकं पाडून तुटलेल्या बंधाच्या जागी ओवतात. पुढच्या वर्ष-दीड वर्षात शरीर त्या कंडरेची आतली रचना हळूहळू बदलतं आणि ती बरीचशी लिगामेंटसारखी होते. म्हणजे टेंडनचं लिगामेंट. ज्या दोघांना सुश्रुताने एकाच डब्यात टाकलं होतं, ते एकाच मालाचे आहेत हे शरीर स्वतःच दाखवून देतं. आणि फळीला भोक पाडून दोरी ओवायची रीत? होडीवालीच!

सुश्रुताला सगळं माहीत होतं वगैरे म्हणायचं नाहीये मला. फुलीच्या बंधाचं बारीक काम त्याला माहीत नव्हतं, आणि नऊशे हा आकडा घेऊन आज कोणी ऑपरेशन करणार नाही. मुद्दा एवढाच की त्याच्या भाषेत ही वस्तू होती, तिला नाव होतं, आणि ती दुखावली तर हाडापेक्षा जास्त काळजी करायची हे सांगितलेलं होतं. आपल्या बोलण्यातून नाव गेलं आणि त्याबरोबर ती काळजीही गेली.

आता 'स्नायू' परत मागे आणणं शक्य नाही. इतके जण मसल ह्या अर्थाने वापरतात, तोच अर्थ आता बरोबर. अस्थिबंध हा शब्द खरं तर चांगला आहे, पण जिभेवर जड. त्यातला 'बंध' तेवढा घ्यायला काय हरकत आहे? आपल्याला तो आधीच ओळखीचा आहे. गुडघ्याचा बंध, घोट्याचा बंध. "बंध तुटलाय" म्हटलं की आजीलाही कळेल की हे चोळून जुळणारं प्रकरण नाही.

मी घरात सुरुवात केलीय. अजून तरी सगळे हसतात. दादा मात्र हसत नाही, तो आता मुलांना कबड्डी शिकवतो आणि उडी मारून गुडघा न दुमडवता उतरणाऱ्या पोराला ओरडतो, "अरे बंध जाईल!"